सॉ चू आत्याच्या दारातल्या चपला

सॉ चू आत्या रोज सकाळी सहाला उठून आधी दारातल्या चपला मोजायची. देवापुढची उदबत्ती नंतर, कॉफी त्याच्याही नंतर. मोजून झाल्या की एकेक जोड उचलून, तोंड रस्त्याकडे करून रॅकवर परत लावायची. पाहुण्याला घरी परत जायचं आहे हे निदान त्याच्या चपलांना तरी ठाऊक असावं, असं ती म्हणायची.

घरात सहा खोल्या होत्या आणि पाहुणे सगळे समुद्रापलीकडचे, इंडोनेशियातल्या मेदान शहराचे आणि त्याच्या आसपासचे. गल्लीच्या टोकाला हृदयाचं इस्पितळ. सकाळच्या विमानाने लोक पेनांगला उतरायचे, आत्याकडे पिशव्या टाकायचे, पायात बूट घालून इस्पितळात जायचे, आणि रबरी चपला दारात राहायच्या. मालक त्याच संध्याकाळी परत येऊन त्या पायात सरकवून कोपऱ्यावर नूडल्स खायला गेला, तर नुसत्या गोळ्या. चपला दोन रात्री एकट्या राहिल्या तर स्टेंट. दहा रात्री राहिल्या तर बायपास. आत्याला कुणी काही सांगावं लागत नसे. एकदा एक तपकिरी जोड एकवीस दिवस राहिला होता. मग मुलगा आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेला. आत्याने त्या दिवशी सगळा रॅक धुवून काढला.

गेक लान तिच्या भावाची मुलगी. आत्याच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची आणि त्याच इस्पितळात, डॉक्टर याप यांच्या खोलीबाहेरच्या टेबलाशी बसायची. नावं पुकारणं, फॉर्म भरून घेणं, रक्तदाब मोजणं हे तिचं काम. जेवताना आत्याची उलटतपासणी ठरलेली.

"आज किती जणांना स्टेंट घातले?"

"आत्या, मला सांगता येत नाही."

"नको सांगू. तीन नंबरच्या खोलीच्या चपला सांगतील." मग भाताचा घास घेऊन, "डॉक्टरने नवी गाडी घेतली म्हणे."

"जुनी विकून घेतली."

"जुनी चांगली चालत होती. गाडीसुद्धा बंद पडायच्या आधीच बदलतात हे लोक."

असं बोलणं गेक लानला आवडत नसे. तुझंही पोट त्याच इस्पितळावर आहे ना, असं ती एकदा म्हणाली होती. आत्या शांतपणे म्हणाली, "म्हणूनच. ज्या विहिरीचं पाणी प्यायचं, तिच्यात रोज डोकावावं."

या संशयाला एक मूळ होतं. आत्याचा नवरा तेंग हाई बावीस वर्षं त्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होता. तेव्हा तिथे बाळंतपणं व्हायची, ताप यायचे, मुलांच्या नाकात गेलेले मणी काढले जायचे. मग मालक बदलले. नव्या मालकांनी हिशोब मांडला की बाळंतिणीची खाट आणि हृदयवाल्याची खाट जागा तेवढीच अडवते. दोन वर्षांत बाळंतपणाचा विभाग गेला, मग मुलांचा, मग पोटाचा. पाटी बदलली. लॉबीत पियानो आला. तेंग हाई म्हणायचा, चादरींवरचे डाग आता एकाच जातीचे झालेत. आणि एका दुपारी, गरम चादरींच्या ढिगावरच त्याला रक्ताची उलटी झाली. त्याला खुर्चीत बसवून वर नेलं. वरच्यांनी ईसीजी काढला, हृदय उत्तम आहे असं सांगितलं, आणि पोटाचा डॉक्टर आता आपल्याकडे नसतो म्हणून ॲम्ब्युलन्स बोलावून सरकारी इस्पितळात पाठवलं. दुपारची गर्दी होती. तो वाटेतल्या पुलापर्यंतच जिवंत पोचला.

आत्या ही गोष्ट कधी रडून सांगत नसे. "हृदय उत्तम होतं," एवढंच म्हणायची, आणि विषय संपायचा.

नवऱ्याच्या माघारी तिने खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. इस्पितळ बाहेरगावच्या पेशंटांना राहायच्या जागांची यादी देत असे. त्या यादीत तिचं नाव चौथं होतं. चंद्रोत्सवाला तिकडून केकचा डबा यायचा. जाहिरात आणि पाहुणे सांभाळणारा डेस्मंड स्वतः घेऊन यायचा. आत्या डबा घ्यायची, त्याला चहा पाजायची, आणि तो गेल्यावर एकेक केक सुरीने मधोमध कापून बघायची.

"काय शोधतेस?" गेक लान विचारायची.

"गोडाच्या आत काय आहे ते."

डॉक्टर लोक इस्पितळाचे नोकर नव्हते. बाजारात गाळे घेतात तसे त्यांनी तिथे खोल्या घेतल्या होत्या. तपासणीची फी त्यांची. खाट, औषध आणि यंत्र इस्पितळाचं. त्या वर्षी अँजिओग्राफीचं दुसरं यंत्र आलं. डेस्मंडच्या खोलीत एक फळा होता, त्यावर दोन्ही यंत्रांचे तास मांडलेले असायचे. चालू तास हिरवे, रिकामे तास लाल. गेक लानला तिथे कागद पोचवायला जावं लागे. लाल रंगाकडे न बघता बाहेर यायची तिने सवय लावून घेतली होती.

तिकिटाची गोष्ट आत्याच्या लक्षात आली ती एका पावसाळ्यात. गेक लान जो फॉर्म भरून घ्यायची, त्यात नाव, वय, ॲलर्जीनंतर एक रकाना होता: परतीचं तिकीट कधीचं? मेदानची माणसं जाण्यायेण्याचं तिकीट एकदमच काढतात, स्वस्त पडतं म्हणून. आज मंगळवार, परत गुरुवारी. काही थोडे लोक परतीचं काढत नाहीत.

"गेल्या दोन महिन्यांत," आत्या मासा साफ करता करता म्हणाली, "तिकीटवाले अकरा जण उतरले. दहा जणांच्या चपला दोन रात्री दारात. बिनतिकिटाचे सात. त्यातल्या दोघांच्याच."

"जे आधीच मेदानला तपासून, ठरवून येतात, तेच परतीचं काढतात. त्यांना लागणारच."

"असेल. किंवा तीन दिवसांत उडून जाणारं पाखरू आजच पकडावं लागतं." तिने खवल्यांचा हात धुतला. "मी म्हणत नाही. चपला म्हणतायत."

गेक लानने तो विषय डोक्यातून काढून टाकला. पण दुसऱ्या दिवसापासून फॉर्म हातात आला की तिची नजर आधी त्या रकान्यावर जाऊ लागली.

पाक जबियात सिहोतांग आले ते ऑगस्टमध्ये. तोबा सरोवरावरच्या होड्यांची तिकिटं फाडण्यात ज्यांचं आयुष्य गेलं असे ठेंगणे, गप्पिष्ट गृहस्थ. सोबत बायको, इबू रोसिंता. तिकडे मानाने पुरुषाला पाक म्हणतात, बाईला इबू, आणि मावशीला तांते. चढावर छातीत भरून येतं, एवढीच तक्रार. तिकीट गुरुवारचं परतीचं.

सकाळी पेज वाढताना आत्याने विचारलं, "पाक, घाई आहे का घरी?"

"घरी कोंबड्या आहेत, तांते. कोंबड्यांना कसली घाई?"

"मग फॉर्मवर लिहा, तिकीट अजून काढलेलं नाही."

इबू रोसिंताने चमचा खाली ठेवला. "खोटं का लिहायचं?"

"डॉक्टरला विचार करायला वेळ मिळावा म्हणून."

पाक जबियात हसले. "तिकीट असून नाही म्हणणारे प्रवासी मी तीस वर्षांत पाहिले नाहीत. सगळे नसून आहे म्हणायचे. लिहितो."

टेबलाशी त्यांचा फॉर्म आला तेव्हा गेक लानला सगळं कळलं. गुरुवारचं तिकीट तिने स्वतः आदल्या दिवशी आत्याच्या टेबलावर पाहिलं होतं. पेन हातात होतं. रकाना दुरुस्त करायला दोन सेकंद लागले असते. तिने फॉर्म तसाच आत दिला.

डॉक्टर याप म्हणाले, गोळ्या सुरू करू, पाच दिवसांनी पुन्हा या, मग अँजिओग्राफी करू. जड उचलू नका.

त्या संध्याकाळी आत्याने ताटात माशाचा डोक्याकडचा तुकडा गेक लानला वाढला, जो ती कधी कुणाला देत नसे. सिहोतांग कुटुंबाने तिकीट पुढे ढकललं.

मग ते पाच दिवस आले. गेक लान सकाळी डोळे उघडले की जिन्याकडे कान लावून पडायची. तिला एकच भीती होती: आत्याचा संशय खोटा असेल, आणि माणूस तिच्या घरात, तिच्या शब्दावर थांबलेला असताना काही झालं तर? जिन्यात पाक जबियात भेटले की ती त्यांचे ओठ निरखायची, निळे पडलेत का. आत्याही तेच करतेय हे तिला दुसऱ्या दिवशी समजलं. आत्याने त्यांना वरच्या खोलीतून खालच्या खोलीत हलवलं होतं, भाडं तेवढंच ठेवून.

चौथ्या सकाळी रॅकवर निळ्या चपला नव्हत्या.

आत्याने दोनदा मोजलं. मग खोलीचं दार ठोठावलं. इबू रोसिंता झोपेतच म्हणाली, "इथेच असतील." आत्याने गाऊनवरच छत्री उचलली. दोघी गल्लीत निघाल्या, एक इकडे, एक तिकडे. बसस्टॉपवर नाही, देवळाच्या पायरीवर नाही. गेक लानने आत्याला कधी पळताना पाहिलं नव्हतं. आत्या पळत नव्हतीच, पण छत्री जमिनीवर टेकत इतकी भराभर चालत होती की ते पळण्याहून वाईट दिसत होतं.

मासळीबाजाराच्या तोंडाशी पाक जबियात भेटले. हातात पिशवी, पिशवीत भलंमोठं दुरियन.

"जड उचलू नका म्हणाला होता ना डॉक्टर?" आत्याने विचारलं.

"जड कुठे, तांते. घासाघीस करून वजनातच कमी करून घेतलं."

आत्याने पिशवी हिसकावून घेतली आणि घरापर्यंत स्वतः आणली. घरी येऊन ती बराच वेळ पायरीवर बसली, एक हात छातीवर ठेवून. भराभर चालल्यामुळे असेल, असं गेक लानला वाटलं.

पाचव्या दिवशी अँजिओग्राफी झाली. हृदयाची एक नळी सत्तर टक्के भरलेली निघाली. स्टेंट घातला. निळ्या चपला दोन रात्री दारात एकट्या राहिल्या.

गेक लानने धीर करून डॉक्टरांना विचारलं, पहिल्याच दिवशी का नाही केलं?

ते चष्मा पुसत म्हणाले, "तिकीट नव्हतं त्यांचं. दोन दिवसांत उडणारा असता तर मी त्याला तसाच सोडला नसता. विमानात काही झालं असतं तर जबाबदार कोण?"

तिने हे जसंच्या तसं घरी सांगितलं.

"म्हणजे तिकीट बघतात."

"बघतात. पण स्टेंट लागणारच होता, आत्या."

"सत्तरचा आकडा कोण वाचतं? तोच ना?"

पुढच्या महिन्यात डेस्मंडने तिला बोलावलं. फळ्यावर ऑगस्टमधल्या एका बुधवारी, पाक जबियातना गोळ्या देऊन परत पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, दोन तास लाल होते. "हे सिहोतांग कुठे उतरले होते?" त्याने अगदी गोड आवाजात विचारलं. ती म्हणाली, माझ्या आत्याकडे. तो म्हणाला, "अच्छा." यादी नव्याने छापली गेली तेव्हा त्यात सॉ चूचं नाव नव्हतं. जागा कमी पडली, असं कळलं. चंद्रोत्सवाला डबाही आला नाही.

खोल्या रिकाम्या पडू लागल्या. आठवड्याला एखादं जुनं ओळखीचं कुटुंब, बस. तरीही रॅकवर सकाळी पाच-सहा जोड दिसायचे. गेक लानने नीट पाहिलं तेव्हा त्यातला एक तेंग हाईचा होता, एक तिचा स्वतःचा जुना, बाकीचे पाहुण्यांनी कधीतरी विसरलेले. आत्या ते रोज मोजायची आणि तोंड रस्त्याकडे करून लावायची.

"हे कुणासाठी?"

"रस्त्याने जाणाऱ्यांसाठी. रिकामं घर बघून कोण आत येतं?"

डेस्मंडचा फळाही हेच म्हणतो, असं गेक लानच्या ओठांवर आलं.

फेब्रुवारीत आत्या जिन्यावर बसली आणि उठेना. गेक लानने ओढून डॉक्टर यापांकडे नेलं. फॉर्म तिनेच भरला. तिकिटाच्या रकान्यात रेघ मारली. डॉक्टर म्हणाले, आजच ॲडमिट व्हा, उद्या सकाळी करू.

"पाकना पाच दिवस दिलेत. मला का नाही?" आत्याने विचारलं.

"त्यांचा ईसीजी वेगळा होता, मॅडम."

बाहेर आल्यावर गेक लान हलक्या आवाजात म्हणाली, "आत्या, मी फळा पाहून आले. या आठवड्यात दोन्ही यंत्रांना श्वास घ्यायला फुरसत नाही. तुला मधे घुसवावं लागणार आहे त्यांना. त्यांचा काही फायदा नाही."

"भरल्या ताटात जो आग्रहाने वाढतो, त्याचा तर जास्त संशय यावा." मग तिच्या गालाला हात लावून, "पाच दिवस, लान. गुरुवारी येते. गोळ्या घेईन, जड उचलणार नाही, दुरियन आणणार नाही."

गेक लानने तिला घरी आणलं. भांडण केलं, रडून पाहिलं, खालच्या खोलीत अंथरूण घातलं. आत्या वेळेवर गोळ्या घेत होती. चौथ्या दिवशी, बुधवारी, गेक लान ड्यूटीला निघाली तेव्हा आत्या दाराशी स्टुलावर बसून चपला मोजत होती. दुपारी शेजारणीचा फोन आला, तोवर सगळं संपलं होतं.

त्याच सकाळी, निघताना, गेक लान बूट घालायला वाकली तेव्हा तिच्या चपला वाटेत पडल्या होत्या. त्या उचलून ती आत ठेवायला निघाली, तर आत्या म्हणाली होती, "राहू दे बाहेरच. आज रॅकवर एक जोड कमी भरतोय."