कोटवाली रेकॉर्ड

माझ्या दादाला जगातल्या दोनच गोष्टींतलं कळतं: लोकांचे डोळे आणि बुवांची बोटं. बाकी व्यवहारात तो ठार ढ आहे. हे मी सख्खी बहीण म्हणून सांगते. दुसऱ्या कोणी म्हटलं तर त्याचे दात घशात घालीन.

दादाचं चष्म्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर आम्ही दोघं. त्याचं लग्न जमलंच नाही, माझं जमलं आणि मोडलं. मी परत आले ती थेट काउंटरवर बसले. दुकानाच्या मागे डोळे तपासायची खोली आहे, लांबट आणि अंधारी. एका टोकाला अक्षरांचा तक्ता, दुसऱ्या टोकाला गिऱ्हाइकाची उंच खुर्ची. रविवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा या खोलीत बुवांची बैठक भरते.

बुवा म्हणजे कोणी साधुसंत नव्हे. परदेशातल्या एका रॉक बँडचा कीबोर्डवाला. ज्या बँडचं एक गाणं सुरू झालं की माणसाने बादलीभर कपडे वाळत घालून यावं, तरी गाणं आपलं चालूच, त्या जातीचा बँड. हा गडी मधोमध उभा, चारही बाजूंनी कीबोर्डची तटबंदी, अंगावर चंदेरी झगा. तरुणपणीचा फोटो पाहिला तेव्हा मी विचारलं होतं, "याला लघवीला जायचं झालं तर बाहेर कसा पडतो?" दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पण आमच्या मंडळींना बँडचं कौतुक नाही. "बँड काय, कोणीही ऐकतं," असं म्हणून ते नाक मुरडतात. त्यांचा जीव बुवांनी बँड सोडून जे एकट्याने उद्योग केले, त्यावर. एक अल्बम ग्रहांवर आहे, ग्रहागणिक एक तुकडा. एक बायको सोडून गेली तेव्हाचा, त्यात नुसता पियानो. एकात शंभर पोरांचा गायनवृंद घेतलाय आणि त्या पोरांना शेवटी एकच ओळ दिलीय. शिवाय दुसऱ्यातिसऱ्यांबरोबर नाव बदलून केलेल्या भानगडी वेगळ्याच.

मंडळी म्हणजे तरी किती? दादा धरून तीन. दुसरा कंपाउंडर, पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्यात औषधं देतो, दादाचा शाळेपासूनचा मित्र. तिसरे कॅशियर, बँकेतून निवृत्त झालेले. पण भांडण तीस माणसांचं.

"शनी लांबलाय," कंपाउंडर म्हणायचा.

"शनी लांबच असतो," दादा म्हणायचा.

"अरे अंतराने लांब! वाजवायला नव्हे!"

"दोघांचंही बरोबर आहे," कॅशियर म्हणायचे. आयुष्यभर काचेपलीकडच्या माणसाशी वाद न घालण्याचा पगार घेतलेला माणूस, तो आता काय घालणार?

या सगळ्यात दादाचं काळीज म्हणजे कोटवाली. बुवांनी एका ड्रमवाल्याला आणि एका बासवाल्याला घेऊन गुपचूप केलेली रेकॉर्ड. वेष्टनावर खुंटीला टांगलेला कोट, बाकी एक अक्षर नाही. मधल्या गोल कागदावरसुद्धा नुसतं कोटाच्या बटणाचं चित्र. दादाला ती एका जुन्या मालाच्या दुकानात मिळाली आणि त्या दिवसापासून तो जमिनीवर चालेना.

गाणारा कोणी नाही, नुसतं वाजवणं. आणि काय संथ! एक सूर निघायचा, घर बघायचा, भाडं ठरवायचा, मग दुसरा सूर यायचा. ड्रमवाला तर एक ठोका दिला की सुट्टीवर. दादा डोळे मिटून म्हणायचा, "बुवांनी इथे काळ थांबवलाय." मी म्हणायचे, "काळ नाही रे, माझी कामं थांबलीत. कप रिकामे करा."

इंटरनेटवर बुवांच्या भक्तांचा एक अड्डा आहे, जगभरची रिकामटेकडी माणसं तिथे जमतात. तिथे दादा 'चौथा कीबोर्ड' या नावाने एका बोटाने टाईप करतो. कोटवालीवर त्याने तिथे एवढं लिहिलं की लोक त्याला त्यातला अधिकारी माणूस समजायला लागले. 'या शांततेला वजन आहे' असं त्याचं एक वाक्य तर कोणीकोणी आपल्या नावाखाली लावायचं. ते वाचताना त्याच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं, ते एवढ्या वर्षांत गल्ल्याकडे बघून कधी आलं नाही.

फक्त कंपाउंडरला कोटवाली पटली नाही. "बुवा इतके हळू वाजवत नाहीत रे," तो म्हणायचा. "या माणसाने आजारी असताना वाजवलंय हे. नाडी बघा त्याची." तो पाठदुखीमुळे घरून स्वतःची उशी आणायचा, खुर्चीत पाठीशी घालायचा, आणि कोटवाली लागली की पाच मिनिटांत घोरायला लागायचा.

अशाच एका रविवारी तो नेमका पहिल्या बाजूच्या त्या जागी घोरला, जिथे दादाच्या मते काळ थांबतो. दादाने सुई उचलली आणि नको ते बोलला. "तुला कान नाहीत. तू आपल्या गोळ्या मोजत बस." कॅशियरांनी दोघांचंही बरोबर आहे म्हणायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात कंपाउंडर उठला, उशी काखेत मारली आणि निघून गेला.

त्याला सहा वर्षं झाली. दोन गल्ल्यांचं अंतर, पण समोरून आला तर दोघंही रस्ता ओलांडणार. मेल्यांनो, नातवंडं खेळवायच्या वयात हे काय! मी दादाला हजारदा म्हटलं, जा, बोल. तो म्हणायचा, "आधी त्याने म्हणावं, चुकलो." दादाला खरी आग मात्र वेगळ्याच गोष्टीची लागली होती. कंपाउंडरने मध्यंतरी चष्मा बदलला, तोही दुसरीकडून. डावी काडी वाकडी, काच भुवईवर चढलेली. तो रस्त्यावरून गेला की दादा दुकानाच्या काचेआडून बघायचा आणि त्याची बोटं आपोआप हवेत काडी सरळ करायला लागायची. "डोकं दुखत असेल त्याचं," म्हणायचा. "कुठल्या गाढवाने बसवलाय!" आणि दिवसभर माझ्यावर खेकसायचा.

मग कॅशियर एक दिवस सीडी घेऊन उगवले. कोटवाली इतक्या वर्षांनी नव्याने काढली होती. दादाने अंघोळ करून कपडे बदलले, आता बोला! सीडी लावली, डोळे मिटले.

आणि आतून जे काही सुटलं ते पोरांची शाळा सुटावी तसं सुटलं. टणाटण उड्या! ड्रमवाला धावतोय, बासवाला त्याच्या मागे, बुवा दोघांच्या डोक्यावरून. मी दारात उभी होते, माझा पाय आपोआप हलायला लागला. दादाने डोळे उघडले. सीडी रेकॉर्डपेक्षा दहा-अकरा मिनिटं लवकरच आटोपली.

"कंपनीने वाट लावली!" दादा ओरडला. "वेग वाढवलाय चोरांनी!"

"वाढवलेला दिसतोय खरा," कॅशियर म्हणाले. "पण छान वाटतंय."

दादाने त्याच बैठकीत अड्ड्यावर तक्रार ठोकली. चांगली लांबलचक, 'चौथा कीबोर्ड' यांच्या सहीनिशी: शांततेचा खून झाला आहे, सर्व रसिकांनी निषेध करावा. थोड्या वेळाने कुठल्या तरी थंड देशातल्या माणसाचं उत्तर आलं. अगदी सभ्य होतं. "साहेब, ती रेकॉर्ड आकाराने मोठी असली तरी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगावर लावायची असते. आपण तेहतीसवर तर नाही ना लावलीत?"

आमच्या रेकॉर्ड प्लेअरला वेग बदलायचं बटण आहे. त्या बटणावर धूळ होती, कारण मोठ्या रेकॉर्डी तेहतीसवर आणि छोट्या पंचेचाळीसवर, हे दादाला पाळण्यात शिकवलेलं. आणि ते सांगायची ज्या गोल कागदाची जबाबदारी, त्यावर कोटाच्या बटणाचं चित्र. दादाने कोटवाली काढली, वेग बदलला, सुई ठेवली. तीच टणाटण.

मी हसले. हसले म्हणजे काय, भिंत धरून हसले. अड्ड्यावर तर जगभरातून लोक हसत होते, एकाने 'या शांततेला वजन आहे' खाली वजनकाट्याचं चित्र टाकलं होतं. पण दादा तिकडे बघतच नव्हता. तो गिऱ्हाइकाच्या उंच खुर्चीत बसला होता, पाय लोंबकळत.

"म्हणजे तो बरोबर होता," तो म्हणाला.

"कोण?"

"तो म्हणाला होता, बुवा इतके हळू वाजवत नाहीत. त्याला कान होते गं. मी त्याला काय बोललो!"

माझं हसू जिथल्या तिथे विरलं. "मग जा ना."

"कुठल्या तोंडाने?"

"आहे त्याच तोंडाने. दुसरं कुठून आणणार?"

दुसऱ्या दिवशी तो गेला, मला बरोबर घेऊन. एकट्याने जायची छाती नव्हती. दवाखान्यात औषधांच्या खिडकीशी रांग होती, दादा शहाण्यासारखा रांगेत उभा राहिला. नंबर आला. कंपाउंडरने मान वर न करताच हात पुढे केला. "चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही," दादा म्हणाला.

कंपाउंडरने वर पाहिलं. वाकड्या चष्म्यातून एक डोळा मोठा, एक लहान दिसत होता. "मग काय होतंय?"

"चूक झालीय."

"कधीपासून?"

"सहा वर्षं."

"फार उशिरा आलात," कंपाउंडर कोरडेपणाने म्हणाला. मागची बाई खोकत पुढे सरकली. दादाने खिडकीच्या कडा धरल्या आणि एका दमात सांगून टाकलं: "ती पंचेचाळीसची होती. मी तेहतीसवर लावत होतो. तू बरोबर होतास, मी गाढव. रविवारी ये, नीट लावतो."

कंपाउंडरने बाटलीचं झाकण लावलं आणि दादाच्या खांद्यावरून आवाज दिला, "पुढचं कोण?"

घरी येताना दादा माझ्या चार पावलं पुढे, मान खाली घालून. मला इतका राग आला होता त्या मेल्या गोळीमोजाचा!

रविवारी कॅशियर आले. चहा झाला. दादा उगाच तक्ता पुसत बसला. मी म्हटलं, लाव काहीतरी, शनी लाव. त्याला शनीही नको होता. तेवढ्यात मागचं दार ढकलून कंपाउंडर आत आला. काखेत उशी. "काय गं," मला म्हणाला, "माझा कप फोडलास की आहे?"

"आहे," मी म्हटलं. "फोडायचा होता, राहून गेलं."

दादाने कोटवाली पंचेचाळीसवर लावली. कंपाउंडर ताठ बसून ऐकत होता, मांडीवर ठेका धरून, जिंकलेल्या माणसासारखा. बाजू संपली. दादा हात बांधून उभा, मास्तरांपुढे पोर उभं राहतं तसा.

"हे आहे होय," कंपाउंडर म्हणाला. "बरं आहे. आता आपली लाव."

"आपली कोणती?"

"तेहतीसची."

"अरे, पण ती चुकीची ना!"

"चुकीची तर चुकीची." त्याने उशी पाठीशी सारखी केली. "अर्ध्या गावाला मी झोपेच्या गोळ्या देतो. मला स्वतःला सहा वर्षं धड झोप नाही. इथे आठवड्यातून एकदा तरी लागायची."

दादाने बटण खाली केलं. तो पहिला जाडजूड सूर निघाला, आणि दुसरा यायच्या आत कंपाउंडरची मान कलली. बरोबर त्या जागी, जिथे काळ थांबतो, घोरणं सुरू झालं. दादा उठला. मी त्याला अडवायला पुढे झाले.

त्याने कंपाउंडरच्या नाकावरून हळूच चष्मा काढला, तक्त्याच्या दिव्याच्या उजेडात धरला, खिशातल्या बारक्या स्क्रूड्रायव्हरने डाव्या काडीचा स्क्रू पिळला, काडी वाकवली, बघितली, पुन्हा वाकवली. मग तो परत त्याच्या नाकावर बसवला.

बाजू संपली, सुई खरखरायला लागली. शांततेने घोरणं अडखळलं. मी चहाचं विचारायला तोंड उघडलं, तर दादाने मला बोटाने गप्प केलं, सुई उचलली आणि तीच बाजू पुन्हा पहिल्यापासून लावली.