सासूबाईंचं लाडकं यीस्ट

थंड चहाच्या बाटल्या भरणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना सगळे सासूबाई म्हणत. वास्तविक त्यांना ना सून, ना जावई. पण प्रयोगशाळेत काचेची भांडी घासायला लागल्याला बावीस वर्षं झाली होती, आणि एक चमचा जागेवर नसला तरी त्या समोरच्याचा उद्धार करायच्या. केमिस्टसाहेबसुद्धा त्यांच्यापुढे चळाचळा कापत.

कारखान्याचं दुखणं एकच होतं. चहा थंड केला की गढूळ व्हायचा. त्यातलं टॅनिन, म्हणजे जीभ आवळणारा तो तुरटपणा, थंडीनं गोळा व्हायचं. एकदा गटारात कुजलेल्या चहाच्या चोथ्यावर सासूबाईंना पांढरी साय दिसली. ती त्यांनी बाटलीत भरून आणली आणि साहेबांच्या टेबलावर आदळली. ते यीस्ट निघालं, आणि काय निघालं! ते टॅनिन तोडणारं एन्झाइम तयार करत होतं. त्या दिवसापासून ते यीस्ट सासूबाईंचं. "माझं पोर," असं त्या उघड म्हणत.

पोराची परीक्षा गुरुवारी होती: त्याच्यामुळं गार चहा नितळ राहतो का, ते कारखान्याच्या मालकीणबाई बघणार होत्या. पास झालं तर त्याला स्वतंत्र खोली आणि सांभाळायला सासूबाई; नापास झालं तर एन्झाइम बाहेरून विकत आणायचं आणि पोर मोरीत. आता परीक्षेला निघालेल्या पोराला उपाशी कोण पाठवतं? सासूबाईंनी दोन दिवस गुपचूप साखरेचं पाणी पाजलं. यीस्ट असं फसफसलं की बाटलीच्या तोंडाचा कापसाचा बोळा उडून छताला लागला. सासूबाईंनी हातातल्या फडक्यासकट गिरकी घेतली.

गुरुवारी मालकीणबाईंनी बाटली उजेडात धरली.

"हा चहा आहे की फरशी पुसलेलं पाणी?" त्या म्हणाल्या. "सोमवारपर्यंत वाट बघते. नंतर सरळ मोरीत ओता."

मालकीणबाई गेल्या तशा सासूबाई साहेबांकडे धावल्या. त्यांनी साहेबांना साखरेचं सगळं सांगून टाकलं. साहेबांनी आधी कपाळाला हात लावला, मग हसून हसून त्यांना ठसकाच लागला.

"अहो सासूबाई, आयतं गोड मिळाल्यावर ते तुरट कशाला तोडत बसेल? खायला टॅनिनच असलं, तरच ते एन्झाइम करतं!"

"म्हणजे मीच लाडावून ठेवलं म्हणा की मेल्याला!"

झालं, सासूबाई आपल्या नावाला जागल्या. ताज्या भांड्यात साखरेचा कण नाही, नुसता चहाचा कडूजहर काढा. यीस्ट मलूल दिसायला लागलं. सासूबाईंचे डोळे भरून यायचे, हात साखरेच्या डब्याकडे वळायचा. शेवटी त्यांनी डब्याची किल्लीच साहेबांच्या हवाली केली.

सोमवारी यीस्ट गाळून त्याचं एन्झाइम उतरलेलं पाणी कोमट चहात घातलं, सगळे तासभर थांबले, मग चहा बर्फात ठेवला. मालकीणबाईंनी गार बाटली डोळ्यांपुढे धरली आणि तिच्यातून भिंतीवरच्या कॅलेंडरमधले बारीक आकडे घडाघडा वाचले. थेट एकतीसपर्यंत! साहेबांनी टेबलावर ठेका धरला. सासूबाईंनी मालकीणबाईंनाच मिठी मारली, आणि दोघी भेलकांडत कपाटावर आदळल्या.

"खोली दिली!" मालकीणबाई धापा टाकत म्हणाल्या. "सगळ्यांना गोड चहा आणा. साखर इकडे ठेवा."

साखरेचं भांडं टेबलावर आलं मात्र, सासूबाईंनी ते उचललं आणि दाराबाहेर नेऊन ठेवलं.

"चहा बाहेर घेऊ या, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "आत्ता कुठं कामाला लागलंय. त्याच्यासमोर नको."