फर्मिनच्या गाडीचं मागचं दार

फर्मिन आरिझागा एल्को गावात संथ माणूस म्हणून ओळखला जायचा. त्याचा बाप स्पेनच्या डोंगरातून मेंढरं राखायला अमेरिकेत नेवाडात आलेला. फर्मिनचं लहानपण त्या मेंढरांमागे, चाकांवरच्या लाकडी खोलीत गेलं. चूल, पलंग, टेबल सगळं हाताच्या अंतरावर आणि प्रत्येक भांड्याला आपापला खिळा. पुढे त्याने वीज कंपनीत खांबांवर चढायचं काम केलं. उभ्या जन्मात एकही तार त्याने दोनदा तपासल्याशिवाय हातात धरली नाही. निवृत्त झाला तेव्हा त्याची दहाही बोटं जागेवर होती, आणि त्या कामात ही मिरवण्यासारखी गोष्ट असते.

त्याला जुनी वस्तू टाकवत नसे. लमॉइल खोऱ्यात एका गवताच्या शेतामागे त्याला ती खोली दिसली. पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात अख्खी बसणारी, साठच्या दशकातली, पत्र्याची. मागे दार, आत शेगडी, बर्फाची पेटी, दोघांपुरतं टेबल. झोपायचा माळा असा पुढे काढलेला की तो बरोबर ड्रायव्हरच्या टपावर यावा. फर्मिनकडे त्याच काळातला ट्रक होताच. खोलीत मात्र कोंबड्या राहत होत्या.

"कोंबड्यांना विचारलंस का?" त्याच्या बायकोने, लव्हॉनने विचारलं.

"त्यांना नवीन खुराडं बांधून दिलं," फर्मिन म्हणाला. आणि खरंच दिलं होतं.

दोन हिवाळे तो गॅरेजमध्ये होता. बाहेरचा पत्रा उचकटला तर आतलं लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं हातात आलं. प्रत्येक कुजक्या पट्टीचा आकार त्याने आधी पुठ्ठ्यावर उतरवून घेतला, मग नवी पट्टी कापली. सांधे पाणी शिरणार नाही असे बुजवले. पत्रा परत चढवून पांढरा आणि आकाशी रंग दिला. लव्हॉन शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, मोकळ्या आवाजाची बाई. तिने पडदे शिवले, उशांना निळे अभ्रे केले आणि येताजाता बोलत राहिली.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. मागच्या दाराची कडी.

"ती बदल," लव्हॉन म्हणाली. "चाळीस-पन्नास वर्षांची कडी ती. दणका बसला की उघडेल."

"मूळची आहे. अशी आता मिळत नाही."

"मीही मूळचीच आहे. माझा गुडघा बदललाच ना?"

फर्मिनने कडी सोडवून काढली, तेल दिलं, घासून आरशासारखी केली आणि होती तिथेच बसवली. लव्हॉनने पुन्हा विषय काढला नाही. तिचं न बोलणं त्याला समजायला हवं होतं, पण त्या कडीवर त्याचा जीव होता.

अशा गाडीतून फिरणाऱ्या लोकांची एक जुनी सवय आहे. जेवण झालं की एकाने माळ्यावर जाऊन आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने गाडी हाकायची. पुढे बसलेल्याला मागचं दिसत नाही, म्हणून खुणा ठरलेल्या. माळ्यावरून दोनदा ठोकलं की 'मी वर आले, चल'. तीनदा ठोकलं की 'थांब'. आणि निघण्याआधी फर्मिन आपला नेम पाळायचा. खोली ज्या साखळ्यांनी ट्रकला आवळलेली असते, त्या चारही साखळ्या तो गाडीभोवती फिरून हाताने ओढून बघे. लव्हॉन म्हणायची, "तुझी प्रदक्षिणा होईस्तोवर माझी एक झोप होते."

मे महिन्यात ते पहिल्या लांबच्या प्रवासाला निघाले. दक्षिणेला, गरम पाण्याच्या कुंडांकडे. दुपारी एका फाट्यावर थांबले. तिथे एक पंप, पंपाला लागून खानावळ, आणि सगळीकडे सेजची करडी झुडपं. डबा घरचाच होता, मेंढीचं मटण घातलेला पाव. खानावळीत त्यांनी फक्त कॉफी घेतली. लव्हॉन मालकिणीशी गप्पा मारत बसली, आणि फर्मिन तेवढ्या वेळात बाहेर जाऊन साखळ्या बघून आला.

थोड्या वेळाने तो स्टीअरिंगमागे बसला. मागे दार वाजलं. टपावर टक, टक. त्याने आरसे नीट केले, पट्टा लावला आणि गाडी काढली.

रस्ता सरळ होता. अशा रस्त्यावर फर्मिन लव्हॉनशी बोलायचा. तिला ऐकू जात नाही हे त्याला ठाऊक होतं, तरी बोलायचा. डोंगरांवर अजून बर्फ आहे म्हणाला. धाकट्या मुलीला कुंडांचे फोटो पाठवायचे म्हणाला. इंजिन छान चाललंय, हेही सांगितलं. अर्धा तास तरी असा गेला असेल.

एका चढावर गाडी वळली आणि उजव्या आरशात काहीतरी चमकलं. विझलं, परत चमकलं. फर्मिनला वाटलं, मागून गाडी येतेय. मग त्याच्या लक्षात आलं की ते आपलंच दार आहे. उघडं. वाऱ्याने आपटत होतं आणि प्रत्येक वेळी त्यावर ऊन पडत होतं.

त्याने गाडी कडेला घेतली. मागे गेला. आत शिरला. भांड्यांचा कप्पा उघडा पडला होता, तवा खिळ्यावर नव्हता. माळ्यावर चादर चुरगळलेली, अर्धी खाली लोंबत होती. दोन उशांपैकी एकच होती. आणि शिडीच्या पायाशी लव्हॉनचे बूट नीट जोडून ठेवलेले.

बूट इथे, म्हणजे ती वर चढली होती. वर चढली होती, म्हणजे...

त्याने कडीकडे पाहिलं. ती दारावर लखलखत होती.

फोन काढला. रेंज नव्हती. लव्हॉनचा फोन तर पुढे, त्याच्याच सीटशेजारी चार्जरला लावलेला होता. त्याने दार दोरीने बांधलं. गाठ मारायला तीनदा सुरुवात करावी लागली, खांबांवर आयुष्य काढलेल्या माणसाला. मग त्याने गाडी उलटी फिरवली आणि आल्या वाटेने सायकलच्या वेगाने निघाला.

उतरणीवर त्याला निळं काहीतरी दिसलं. झुडपात अडकलेलं. गाडी चालू तशीच सोडून तो धावला. उशी होती. तिच्या आसपास तो झुडपं दोन्ही हातांनी बाजूला करत फिरू लागला. "लव्हॉन," म्हणायचा, थांबायचा, कान द्यायचा. वाऱ्याशिवाय काही नाही.

उत्तरेकडून, मागे घोडे भरलेली गाडी ओढत, एक पिकअप आली आणि थांबली. टोपीवाला, उन्हाने रापलेला गुरांच्या वाड्यावरचा माणूस.

"काय हरवलंय रे बाबा?"

"बायको," फर्मिन म्हणाला.

तो माणूस हसणार होता. ओठ तसे झालेही. मग त्याला फर्मिनच्या छातीशी धरलेली उशी दिसली आणि मागे दोरीने बांधलेलं दार दिसलं. त्याने इंजिन बंद केलं आणि खाली उतरला.

"कुठे पडली?"

"माहीत नाही. दार केव्हा उघडलं तेच माहीत नाही."

"वेग किती होता?"

फर्मिनने सांगितला. तो माणूस बुटाच्या टोकाने खडे ढकलत राहिला.

"ऐक," तो शेवटी म्हणाला, "मी तिकडूनच आलो. रस्त्यात एक तवा दिसला. माणूस दिसलं नाही."

"झुडपांत असेल."

"असेल. म्हणून तू डावी बाजू बघ, मी उजवी बघतो. हळू चल. घोड्यांना कुठे पोचायची घाई नाही."

दोन्ही गाड्या पुढेमागे उत्तरेकडे निघाल्या. फर्मिन खिडकीतून अर्धा बाहेर वाकून झुडपं न्याहाळत होता. आधी तिला जिवंत शोधत होता. मग नुसतंच शोधत होता. बुडखा दिसला, ब्रेक. फुटकं टायर दिसलं, ब्रेक. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. कडी बदल म्हणाली होती. मुलींना काय सांगायचं? दिसायला छान होती म्हणून ठेवली? एकदा त्याने दार उघडून रस्त्यावर ओकारी काढली आणि तोंड पुसून पुन्हा निघाला. तवा सापडला. त्याने तो उचलून सीटवर उशीशेजारी ठेवला, कारण लव्हॉनला तवा हरवलेला चालला नसता. आणि हे मनात येताच त्याला ब्रेक दाबून थांबावं लागलं, समोरचा रस्ता दिसेना.

असं करत तो फाटा आला.

खानावळीबाहेरच्या बाकावर लव्हॉन बसली होती. पायांत नुसते लोकरी मोजे, नाकावर चष्मा, हाताची घडी.

फर्मिनने गाडी थांबवली. उतरायचं त्याला सुचेना. स्टीअरिंगवरचे हात सुटेनात.

लव्हॉन मात्र उठली. इतका वेळ तिने टोमणे तयार करून ठेवले होते आणि त्यातला पहिला लांबूनच फेकला. "आठवण झाली वाटतं? मला वाटलं, आता कुंडात डुंबून, नवी बायको करूनच येशील."

खानावळीची मालकीण बर्निस दारात येऊन म्हणाली, "ये बाबा, आलास एकदाचा. पुढच्या गावच्या पंपावर मी दोनदा फोन केला, आकाशी डबडं दिसलं तर अडवा म्हणून."

लव्हॉन खिडकीपाशी पोचली. दुसरा टोमणा तिच्या तोंडात होता. तिने फर्मिनचा चेहरा पाहिला, मग सीटवरचा तवा आणि धुळीने भरलेली उशी पाहिली, आणि तो टोमणा तोंडातच राहिला.

"तू पडली नाहीस," फर्मिन म्हणाला.

"कुठून?"

"दारातून. दार उघडं होतं. बूट आत होते."

सगळा वेळ तिने त्याच्या विसराळूपणाचा राग केला होता, नंतर थोडी काळजी, की हा घाटात कुठे बंद पडला असेल. आपण पडलो असं त्याला वाटेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिचा रंग उतरला. ती गाडीच्या पायरीवर बसली आणि तिने मोज्यातले पाय पोटाशी घेतले.

"अरे देवा," ती हळूच म्हणाली. "तू तिकडून इथवर मला रस्त्यावर शोधत आलास?"

टोपीवाला जवळ आला होता. त्याने तिला नीट बघून घेतलं, वरपासून खालपर्यंत, जणू मोडतोड मोजतोय. मग टोपी काढून केसांवरून हात फिरवला. "बाई," तो म्हणाला, "तुम्हाला बघून इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता." आणि कोणी काही बोलायच्या आत गाडीत बसून निघून गेला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं, याची चुटपुट दोघांना पुढे कित्येक दिवस होती.

बर्निसने त्यांना आत नेलं. "भांडायचं ते आत बसून भांडा, बाहेर वारा आहे," म्हणाली आणि पुढ्यात सूप ठेवलं. लव्हॉनने वाडगा फर्मिनच्या जवळ सरकवला.

"तू ठोकलं होतंस," तो म्हणाला.

"ठोकलं होतं. मग नाकावर चष्मा नाही हे कळलं. इथे काउंटरवर राहिलेला. म्हटलं, तुझी प्रदक्षिणा होईपर्यंत येते परत. बूटसुद्धा घातले नाहीत."

"साखळ्या मी आधीच बघितल्या होत्या. तू गप्पा मारत होतीस तेव्हा."

"हे मला कसं कळणार? आजवर कधी आधी बघितल्यास?"

फर्मिनने मान हलवली. "ती कडी," तो म्हणाला.

"कडीचं काय?"

"तू बदल म्हणाली होतीस."

"अरे, दार मी लावलंच नव्हतं. नुसतं ढकललं. लगेच परत यायचं होतं ना." ती पुढे वाकली. "तुझी कडी ठणठणीत आहे, फर्मिन. बिघडलोय ते आपण दोघं."

बर्निस काउंटरमागून हसली. फर्मिनला हसू आलं नाही. कडी चुकली नव्हती हे कानांनी ऐकलं होतं, पण पोटाला अजून कळलं नव्हतं. ज्या लव्हॉनला त्याने झुडपांत शोधलं होतं, ती त्याच्या लेखी पुरती परत आलेली नव्हती. समोर बसलेली ही दुसरीच कोणी, आणि ती जाईल असं त्याला वाटत होतं.

"घरी जाऊ," तो म्हणाला.

"का?"

"माळ्यावर तू, आणि खाली मी. मला नाही जमायचं आता."

लव्हॉनने विचार केला. त्याच्या संथपणाला ती चाळीस वर्षं हसत आली होती. पण आज तो कसा हळू आला असेल, झुडूप झुडूप बघत, ते तिला दिसत होतं. "मग मी पुढे बसते," ती म्हणाली. "झोप आली तर तुझ्या खांद्यावर घोरेन. पण घरी जायचं नाही. आज परतलो तर तू ती गाडी पुन्हा गॅरेजबाहेर काढणार नाहीस. मला ठाऊक आहे तुझा स्वभाव."

तो नाही म्हणाला नाही. ती बूट घालायला मागे गेली, तर तोही मागोमाग जाऊन उभा राहिला. ती पुढे येऊन बसली, पट्टा लावला, तवा मांडीवर घेतला. फर्मिनने चारही साखळ्या ओढून बघितल्या, मग पुन्हा एकदा बघितल्या.

गाडी फाट्यावरून निघाली. रस्ता सरळ होता, समोर कोणी नव्हतं. फर्मिनने मान वळवून उजवीकडे पाहिलं. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा पाहिलं.

"रस्त्याकडे बघ," लव्हॉन म्हणाली.

त्याने बघितलं. जिथे उशी सापडली होती तो चढ आला, तेव्हा त्याने स्टीअरिंगवरचा एक हात काढून तिच्या मनगटावर ठेवला आणि चढ संपेपर्यंत तो काढला नाही.