झेंडावंदनाला कुठली वर्दी?

माणूस समोर आला की मी आधी त्याची कॉलर बघतो, तोंड नंतर. वाईट खोड आहे, बायको यावरून चारचौघांत टोमणे मारते, पण इलाज नाही. आमचं परटाचं घर. शिरड शहापूरच्या अंगाला आमचं गाव आहे, तिथं ग्रामपंचायतीशेजारी माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची, इस्त्रीची टपरी. बारावीपर्यंत मी तिथं कोळसे फुंकले. मग फौजेच्या भरतीत धावलो. बंदूकवाल्यांच्या यादीत नंबर हुकला आणि धोब्यांच्या यादीत लागला. इस्त्रीपासून सुटका व्हावी म्हणून पळालो आणि पोचलो इस्त्रीपाशीच. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

फौजेतला धोबीही पुरा फौजी असतो, हे आधीच सांगून टाकतो. मी रायफल चालवायला शिकलो, शपथ घेतली, बर्फात राहिलो, छातीवर पदकं आली. पण रोजचं काम कपड्यांचं. दादांना मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते टपरीत उभे होते. इस्त्री तशीच हातात धरून म्हणाले, "गावात सांगू नको."

मी नाही सांगितलं. दादांनी मात्र भरपूर सांगितलं. ट्रेनिंगमधला माझा रायफलसकटचा फोटो त्यांनी टपरीत टांगला आणि कपडे घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायला लागले, "पोरगं बॉर्डरवर उभं हाय, रातंदिस." मी सुट्टीवर यायचो तेव्हा दर वेळी ही गोष्ट थोडी वाढलेली असायची. एका सुट्टीत तर मी दोन अतिरेकी मारल्याचं मला सेनगावच्या जीपमध्ये एका अनोळखी माणसाकडून कळलं. मी हसलो, पण दादांना खोटं पाडलं नाही. कसं पाडणार? जन्मभर लोकांच्या कपड्यांवर वाकलेला माणूस. माझं नाव काढताना तेवढा तो ताठ व्हायचा. मला त्यांची कीव यायची आणि लाजही वाटायची, ती मात्र माझी मलाच.

सतरा वर्षं भरली आणि जूनअखेर मी घरी आलो. उघड्या जीपमधून मिरवणूक, गुलाल, डीजे असलं काही नको म्हणून गुपचूप एसटीनं आलो. पण ऑगस्ट लागला तसे शाळेचे हेडमास्तर घरी हजर.

"पंधरा ऑगस्टचा झेंडा यंदा तुमच्या हातानं," ते म्हणाले. "वर्दीत या बरं का. लेकरांना फौजी बघायचाय. आणि सीमेवरच्या दोन गोष्टीही सांगा."

मी तोंड उघडायच्या आत ओट्यावर बसलेल्या दादांनी होकार देऊन टाकला.

आता कपड्यांच्या बाबतीत मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. वर्दी म्हणजे काही एकच एक कपडा नाही. रोजच्या कामाची वेगळी, रानात नि डोंगरात घालायची चट्ट्यापट्ट्यांची वेगळी, परेडीची वेगळी आणि साहेबलोकांच्या मेसमधल्या जेवणाची तर अगदीच निराळी. परेडीला पुरी पदकं लावायची, मेसच्या जेवणाला त्यांचीच बारकी पिल्लं, आणि रोजच्या वर्दीवर नुसत्या रंगीत पट्ट्या. एक नवे साहेब एकदा मेसच्या जेवणाला मोठी पदकं लावून निघाले होते. मी दारातच अडवलं, म्हटलं, साब, पाँच मिनट दीजिए. पुढं ते साहेब कुठल्याही समारंभाआधी मला विचारल्याशिवाय खुंटीला हात लावत नसत. ह्या गोष्टीचा मला आजही अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

निवृत्त माणसाचं गणित त्याहून सोपं. गावच्या समारंभाला वर्दी घालायचीच नाही. साधे, नीटनेटके कपडे, कोट असला तर कोट, आणि डाव्या छातीवर आपली पदकं. मी दादांना हे समजावून सांगितलं.

"म्हंजे बिनवर्दीचा फौजी?" ते म्हणाले. "मंग तुझ्यात अन् तलाठ्यात फरक काय ऱ्हायला?"

दोन दिवसांनी ते कुणाला न सांगता हिंगोलीला गेले आणि संध्याकाळच्या एसटीनं एक पिशवी घेऊन परत आले. रात्रीचं जेवणही बाजूला ठेवून टपरीत जाऊन बसले. सकाळी माझ्यापुढं खाटेवर त्यांनी मांडलं ते असं: चट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, तसलीच पँट, तसलीच टोपी. बसस्टँडजवळच्या दुकानातून आणलेली. आमच्या भागात हे कपडे कोण घालत नाही? सोयाबीनवर फवारा मारणारा घालतो, ट्रॅक्टरवाला घालतो, एटीएमपुढचा वॉचमन घालतो. आणि दादांनी त्याला इस्त्री केली होती. पँटच्या घडीनं भाजी चिरावी अशी. झुडपात लपायच्या कपड्याला त्यांनी नवरदेवासारखं कडक करून ठेवलं होतं.

मला हसू आवरलं नाही. मोठ्यानं हसलो आणि तिथंच चुकलो.

"हसून काहून राहिला?"

"दादा, हे फवाऱ्याचे कपडे हायत. अन् खरे असते तरी म्या घातले नसते. आता मला त्याचा हक्क न्हाई."

"सतरा साल राबलास, अन् हक्क न्हाई?"

"न्हाई. राबत होतो तवर होता."

ते काही वेळ टोपीची कड नीट करत बसले. मग हळू आवाजात म्हणाले, "मंग मी लोकास्नी काय सांगू?"

माझं हसू तिथल्या तिथं जिरलं. वर्दीत गेलो असतो तर मला कुणी काही विचारलं नसतं. साध्या कोटात उभा राहिलो, की कुणीतरी विचारणारच, बाबा, तू तिथं नेमका करत काय होतास? मी खरं बोललो तर सतरा वर्षं बोलत आलेला माझा बाप भर शाळेत खोटा पडणार होता. तेही सगळ्या गिऱ्हाइकांसमोर.

दादांनी बोलणं टाकलं. बायको म्हणाली, "तुमी बी हट्टी, ते बी हट्टी. एक दिवस घातले तर कुणी फासावर देतंय का?" खोटं कशाला बोलू, मी ते कपडे एकदा घालूनही बघितले. आरशात वॉचमन दिसला. काढून ठेवले.

झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी दुपारी मी ट्रंक उघडली. युनिटनं निरोपाच्या वेळी दिलेला गर्द निळा कोट त्यात होता. त्याच्याखाली माझी परेडीची वर्दी, शेवटच्या दिवशी घडी घालून ठेवलेली. कोट काढताना ती वर आली. दादा दारात कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. ते आत आले, उकिडवे बसले आणि वर्दीची बाही त्यांनी दोन बोटांत धरली. जरा चोळली, उजेडाकडं वळवली, शिवणीच्या आतून अंगठा फिरवला. गिऱ्हाइकाचा कपडा बघतात तशी बघितली.

"खळ कशाची?"

"तांदळाच्या पेजेची. थोडं मीठ टाकून."

"मीठ काहून?"

"थंडीत खळ गोठत न्हाई त्यानं."

हे त्यांना नवीन होतं. मग बाही जागेवर ठेवत म्हणाले, "घडी बराबर हाय." आणि निघून गेले. माझ्या हातच्या इस्त्रीला याआधी त्यांनी कधी बरं म्हटल्याचं मला आठवत नाही. लहानपणी तर नुसते टोले मिळायचे. मी तिथंच ट्रंकेपाशी बसून राहिलो, आणि वयाच्या सदतिसाव्या वर्षी मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं.

सकाळी उठलो तर कोट खुंटीला टांगलेला होता, ओल्या फडक्यावरून इस्त्री केलेला. कुठं चमक नाही, कुठं डाग नाही. लोकरीच्या कापडावर हे सोपं नसतं. दादा स्वतः पांढरं धोतर नेसून तयार होते, पण बोलत नव्हते. मी पदकं लावली, आरशात बघून एक रेषभर वर घेतली, आणि आम्ही दोघं मुक्यानंच शाळेकडं निघालो.

पोरांच्या रांगा लागल्या होत्या. पहिल्या रांगेतली एक चिमुरडी मला आपादमस्तक बघून बाईंना म्हणाली, "बाई, फौजी कवा येनार?" बाईंनी तिला गप्प केलं. हेडमास्तरांनी माईक घेतला आणि सीमेवर शत्रूला धूळ चारणारे वगैरे म्हणून माझी ओळख करून दिली. मी झेंडा फडकवला. राष्ट्रगीत झालं. माईक माझ्या हातात आला.

दादा मागं भिंतीपाशी गिऱ्हाइकांच्या घोळक्यात उभे होते. मी बघितलं तर ते स्वतःच्या चपलांकडं बघत होते.

सांगायला गोष्टी माझ्याकडं पोत्यानं होत्या. ज्यांचे कपडे धुतले त्यांच्याकडून ऐकलेल्या, खऱ्या, अंगावर काटा आणणाऱ्या. त्यातल्या दोन माझ्या म्हणून सांगितल्या असत्या तर दादाही वाचले असते आणि पोरंही खूश झाली असती. पण डाव्या छातीवर माणसानं फक्त स्वतःची पदकं लावायची असतात. दुसऱ्याचं पदक आपलं म्हणून लावणं याच्याइतकी हलकी गोष्ट फौजेत दुसरी नाही. गोष्टीचंही मला तसंच वाटलं. माईक तोंडाजवळ घेतला आणि बोललो.

"लेकरांनो, मी फौजेत धोबी होतो."

हेडमास्तर चष्मा पुसायला लागले. आता थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी पुढं सांगत गेलो. एका साली आमच्या युनिटची तुकडी दिल्लीच्या परेडीला निवडली गेली होती. भर थंडीत शंभरावर वर्द्या, प्रत्येकीची घडी एकसारखी लागायची. रांगेत एकाची पँट ढिली असली की आख्खी रांग ढिली दिसते. परेडीच्या दिवशी मी मात्र बराकीत टीव्हीपुढं बसलो होतो. सगळे लोक जवानांचे चेहरे बघत होते, मी एकटाच त्यांच्या पँटी बघत होतो. एकही घडी मोडली नव्हती. तुकडी राष्ट्रपतींसमोरून पुढं गेली तेव्हा मी रडलो, हेही सांगितलं.

पहिल्यांदा त्या चिमुरडीनंच हात वर केला. "बर्फात कपडे वाळतेत कसे?"

"वाळत न्हाईत, फळीसारखे कडक होतेत," मी म्हटलं. "पँट भिंतीला टेकवली तर माणसासारखी उभी ऱ्हाती."

पोरं खदखदून हसली, आणि मग प्रश्नांची झुंबड उडाली. टोपी थंडीत गोठते का, साहेबांचे कपडे साहेब धुतात का, पदक पाण्यात पडलं तर गंजतं का. अतिरेक्यांचं एकालाही आठवलं नाही. माझ्या जिवाला इतकं हलकं वाटत होतं की घंटा झाली नसती तर दुपारपर्यंत बोललो असतो.

खाऊ वाटताना मोठी माणसं जवळ आली. त्यांत एक बागाईतदार होते, दादांच्या वयाचे, याच शाळेत दादांसोबत बसलेले. दोन अतिरेक्यांची गोष्ट त्यांनी टपरीत कितीदा तरी ऐकली असणार. ते मोठ्यानं म्हणाले, "म्हंजे बापलेक दोघं बी परीटच की रं! अन् आमी समजून राहिलो, पोरगं बंदूक चालवतंय!"

लोक हसले. मी काही बोलणार, तेवढ्यात दादा घोळक्यातून पुढं आले. मला वाटलं, आता हे मान खाली घालून घरी चालू लागतील. ते माझ्याशेजारी येऊन थांबले.

"व्हय, परीटच," ते म्हणाले. "पर फरक हाय. माझी इस्त्री जलमभर तुझ्या सदऱ्यावर चालली, अन् ह्याची राष्ट्रपतीपुढं. सदरा तयार हाय तुझा, जाताना घिऊन जा."

लोक पुन्हा हसले, या वेळी बागाईतदारांवर. तेही हसले. दादा हसले नाहीत. सतरा वर्षांत त्यांनी माझ्याबद्दल गावात सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट होती, आणि ती त्यांनी सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगितली.