जाळीच्या दाराला कुलूप

अमेरिकेतलं यादवी युद्ध माझ्यापेक्षा माझ्या भावोजींना जास्त कळतं. मी वसईतल्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं तेच शिकवत आलेय, पण त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेत. गोखिवऱ्याला आमचे फ्लॅट समोरासमोर. रविवारी ताईकडे मटण असायचं आणि मटणाबरोबर भावोजींचं व्याख्यान फुकट.

होळीच्या आधीच्या रविवारी ते म्हणाले की ती लढाई गुलामांवरून झालीच नाही. जकातीवरून झाली, राज्यांच्या हक्कांवरून झाली, आणि गुलामांना तर मालक घरच्यासारखं सांभाळत. माझं डोकंच फिरलं. मी सांगितलं, हक्क कसला, तर माणसं मालकीची ठेवण्याचा. फुटून निघालेल्या राज्यांनी आपली कारणं स्वतःच जाहीर केली होती, त्यात हेच होतं. नव्या अध्यक्षाने त्यांचे गुलाम सोडवतो असं म्हटलंही नव्हतं. नव्या मुलखात गुलामगिरी पसरू देणार नाही, एवढंच त्याचं म्हणणं. तेवढ्यावर यांनी वेगळी चूल मांडली आणि पहिली तोफही यांनीच डागली.

रस्सा वाढता वाढता ताईने विचारलं की मग गुलाम काय करत होते. पळत होते, मी म्हटलं. उत्तरेचं सरकारसुद्धा आधी नुसती देश एकत्र ठेवायची भाषा करत होतं. पण सैन्य जवळ आलं की माणसं मळे सोडून त्यांच्या छावण्यांत शिरायची. सुटकेचा जाहीरनामा त्यानंतर निघाला. चार वर्षं माणसं मेली, तेव्हा कुठे दक्षिणेने शस्त्रं टाकली.

तेवढ्यात भाकऱ्या घेऊन बाई आली. ही मोखाड्याकडची, ताईकडेच राहून सगळं काम करणारी. तिची पोरगी गावी आजीजवळ. होळीला त्या बाजूची माणसं कुठेही असोत, घरी जातातच. वीटभट्ट्या ओस पडतात. हिला मात्र ताईने इथे आल्यापासून एकाही होळीला सोडलं नव्हतं. एकदा गेल्या की या परत येत नाहीत, हे ताईचं पालुपद. आम्ही तिला घरच्यासारखं ठेवलंय, हे दुसरं.

होळीच्या आदल्या दिवशी ताई आणि भावोजी एका लग्नासाठी पुण्याला निघाले. एकमेकींकडे किल्ली ठेवायची आमची पद्धतच आहे. ताईने किल्ली माझ्या हातात दिली आणि सांगितलं की बाई आत आहे, जाळीच्या दाराला कुलूप घातलंय, दुधाची पिशवी तेवढी जाळीतून आत दे. मला वाटलं, थट्टा करतेय. लिफ्ट खाली गेली आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाई जाळीमागे उभी होती, कपड्यांची पिशवी भरून.

"माना होलीला घरा जायाचाय," ती म्हणाली. "पोर वाट बघतंय. तुम्ही उघडाल का नाय, तेवढा सांगा."

मी किल्ली लावली. दार उघडलं, तिला रिक्षाने एसटी स्टँडवर नेलं आणि जव्हारमार्गे मोखाड्याला जाणाऱ्या गाडीत बसवलं. मग ताईला फोन करून सगळं सांगितलं. लपवायचं कशाला?

ताई रडली. सख्खी बहीण म्हणून विश्वास टाकला होता, म्हणाली. भावोजींनी फोन ओढून घेतला आणि मी घरात फूट पाडली म्हणून मला वाट्टेल तसं बोलले. कुलूप कुणी लावलं, याबद्दल दोघांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही. मीही मग तोंडाला येईल ते बोलले आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

बाई परत आली नाही. रविवारची जेवणं बंद झाली, जिन्यात भेटलो तरी माना फिरवायच्या. अशातच एका संध्याकाळी ताईने माझी बेल वाजवली. चेहरा उतरलेला. वाटलं, हिला काहीतरी उमगलं असेल. मी आत ये म्हटलं, पण ती दारातच थांबली.

"तुझ्या कॉलेजातल्या शिपायांच्या ओळखीत एखादी बाई बघ ना," ती म्हणाली. "राहणारी हवी. आणि या वेळी मागे कुणीच नसलेली बघ."