सूनबाईचा जुना नंबर

तोलमाप खात्यातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना अख्खी गल्ली 'काटेकोर' म्हणायची, आणि त्यांना ते चक्क आवडायचं. नोकरीभर दुकानांत शिरून तराजू तपासले. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा, म्हणजे पासंग, त्यांच्या बोटांना न बघता सापडायचा. मग दुकानदाराची काय बिशाद तोंड उघडायची!

घरात सून आली ती टेनिस खेळणारी, तीही जगात नाव असलेली. तेव्हापासून काटेकोरांना बायकांच्या टेनिसचं वेडच लागलं. नाश्त्याला रोज एकच वाद, पहिला नंबर कोणाचा? सासूबाई म्हणायच्या, "जी सगळ्यांत तगड्या पोरीला हरवते, ती पहिली. त्यात काय एवढं?"

हे उसळायचे. "आणि बाकी वर्षभर घरी बसली तरी? छे! वर्षभराच्या गुणांची बेरीज, बस्स. वर्ष उलटलं की जुने गुण गळाले पाहिजेत. शिळं खपवायचं नाही." खेळाचा नियमही जवळपास तोच, त्यामुळे यांना भलताच जोर चढायचा.

मग सूनबाईला बाळ झालं. खेळ थांबला, गुण गळत गळत शून्यावर आले. बाळंतिणीला मात्र एक सवलत होती, काही मोजक्या स्पर्धांत जुन्या नंबरावर प्रवेश. मोठी स्पर्धा तोंडावर आली, तसा मुलाने टेबलावर हा विषय काढला. आणि यांच्या जिभेला हाड असेल तर शपथ! "हा तर पासंगच झाला," ते म्हणाले. "जिने वर्षभर घाम गाळला, तिची जागा घरी बसलेलीला?"

 सूनबाई बशी उचलून आत गेली. सासूबाईंनी असं काही पाहिलं की काटेकोरांना चहा कडू लागला.

नावं द्यायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी संपत होती. आपल्या एका शब्दापायी पोरीने नाव दिलंच नाही तर? जीव नुसता टांगणीला लागला. पण बोललेलं गिळायचं कसं? तेही जमेना.

शुक्रवारी सासूबाईंची कंबर धरली, म्हणून बाळाला सांभाळायला हेच कोर्टवर गेले. सुनेला खेळताना आजवर पाहिलेलं ते टीव्हीवर. आता मध्ये फक्त जाळी. बाळाला पाजून ती उठली, पोटाला पट्टा आवळला, आणि पहिलाच चेंडू असा हाणला की काटेकोरांच्या छातीत धस्स झालं. बाप रे, ही आपल्या घरातली पोर? बाळ दचकेल म्हणून त्यांनी त्याचे कान झाकले. बाळ जांभई देऊन झोपलं. थाड थाड चेंडू सुटताहेत आणि हे आपलं गाढ! ती पाणी प्यायला थांबली, तसं टक्क जागं होऊन भोकाड पसरलं.

"हे काय गौडबंगाल?" त्यांनी बाजूला उभ्या असलेल्या तिच्या प्रशिक्षकबाईंना विचारलं.

त्या हसल्या. "अहो, सातव्या महिन्यापर्यंत ती रोज इथे भिंतीवर चेंडू मारत होती. पोटात हीच अंगाई ऐकलीय त्याने."

काटेकोर मटकन बाकावर बसले. घरी बसली म्हणे! वजन टाकण्याआधी रिकामी पारडी सरळ आहेत का बघा, हे त्यांनी किती नव्या निरीक्षकांना दरडावून शिकवलं होतं. आणि स्वतःच्या घरात पारडी न बघताच तोललं?  एवढं सगळं अंगावर पेलून पोर पुन्हा उभी होती, आणि आपण तिचे गुण मोजत होतो.

बाळाला खांद्यावर टाकून ते तसेच कोर्टात घुसले. "नाव दे," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता दे. जिची जागा जाईल त्या दुसऱ्या पोरीचं वाईट वाटतंय मला, वाटणारच. तरी दे. मी चुकलो गं."

सूनबाईने मनगटाने घाम पुसला. "नाव मी त्याच सकाळी दिलंय, बाबा. बशी ठेवली आणि दिलं. फक्त मी खेळत असताना याला मांडीवर घेऊन तुम्ही मान वर करून बसाल की खाली घालून, तेवढंच कळत नव्हतं."

काटेकोरांनी मान वर केली. त्यांनी रडणाऱ्या बाळाला घट्ट धरलं आणि तिला हातानेच खुणावलं, जा, खेळ, झोपायचंय त्याला.