माझ्या भावाच्या अंगात आलं

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. लग्नात अक्षता टाकल्या की लोक पंगतीकडे पळतात. हळदीला मात्र सगळं गाव नाचतं. बदलापूरजवळच्या आमच्या गावात डीजेशिवाय हळद म्हणजे मिठाशिवाय कालवण. धाकट्या भावाच्या हळदीला मीही काही कमी नाचले नाही. मे महिना, मांडवात वाऱ्याची झुळूक नाही, आणि नवरदेव आईच्या हाका कानाआड करून दिवेलागणीपासून नाचत होता. पाणी पाजायला म्हणून मी त्याला ओढलं, तर हात तव्यासारखा तापलेला. डोळे टक्क उघडे, आणि दात करकर चावत होता.

"अंगात आलंय का तुझ्या? बस जरा!" मी खेकसले. तो हसला आणि परत गर्दीत घुसला.

थोड्या वेळाने तो मांडवाच्या मधोमध कोसळला. अंग थडथड उडत होतं, मान झटके देत होती. डीजे थांबला. लग्नाचे धवळे गाणाऱ्या धवलारीण आजीने हात जोडले, "आई आली गो, आई आली!" मी रागाने बोलले होते ते आता सगळे भक्तीने म्हणायला लागले.

आमच्या घरात देवी येते. नवरात्रात आत्याच्या अंगात येते तेव्हा मीही तिच्या पाया पडते. म्हणून तर मला फरक दिसला. आत्या घुमते तेव्हा घामाने निथळते, आपल्याकडे बघते, बोलते. याचं अंग कढत आणि कोरडं होतं. तो कोणाकडेच बघत नव्हता. बायका त्याच्या कपाळावर कुंकू थापत विचारत होत्या, "आई, काय चुकला आमचा? काय पायजेल ते सांग!" कोणीतरी नारळ फोडला. आईने तर त्याच्या पायांवर डोकंच टेकलं.

"अगं, तो मरतोय!" मी ओरडले.

शुभकार्यात असं अभद्र बोलले म्हणून काकाने माझा दंड धरला. गाडी काढा म्हटलं, तर म्हणाला, "हलद लागलेला नवरा मांडवाबाहेर नेत नाय." मग मी कोणाला विचारत बसले नाही. माझ्या नवऱ्याने त्याला काखेतून उचललं, मी पाय धरले. देवीचा कोप होईल म्हणून आई गाडीपर्यंत रडत आली. भावाचा जिवलग दोस्त पुढच्या सीटवर बसला. उल्हासनगरपर्यंत तो मागे वळून बघायचं टाळत होता. मी मात्र मागे भावाचं डोकं मांडीवर घेऊन, आत्ता ज्या देवीला नाकारलं तिलाच नवस बोलत होते.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "काय घेतलंय याने?"

"कुछ नहीं मॅडम, थोडी बिअर," दोस्त म्हणाला.

मी त्याची कॉलर धरली. "खरं बोल, नाहीतर इथेच तुझी हळद काढते!"

"ताई, केस होईल ना..."

"मी पोलीस नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कशावर उपचार करायचे ते मला कळलं पाहिजे. लवकर."

तो रडायलाच लागला. गोळी. पार्टीवाली. एक घेतली, लगेच चढली नाही म्हणून आणखी एक. रात्रभर नाचता यावं म्हणून. तिच्यात काय होतं, त्याला माहीत नव्हतं.

"विकणाऱ्यालाही नसतं," डॉक्टर म्हणाल्या. अशा गोळीने अंग भट्टीसारखं तापतं, नाचणाऱ्याला ते जाणवत नाही, आणि आत मेंदूला, किडनीला इजा होत राहते, असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं. त्यांचे हात चालूच होते. काखेत, जांघेत बर्फ, दंडात सुई. मग त्यांनी वळून दोस्ताकडे निरखून पाहिलं. "आणि तू?"

त्याचाही जबडा हलत होता. त्याला शेजारच्या कॉटवर झोपवलं.

मी दारातून बघत राहिले. बर्फ वितळत होता आणि भावाच्या अंगावरची हळद पिवळ्या पाण्याने फरशीवर ठिबकत होती. इतकी मी आयुष्यात कधी भ्याले नव्हते.

दोस्त दुसऱ्या दिवशी घरी गेला. भाऊही वाचला, पण त्याची किडनी रुसली होती. काही दिवस डायलिसिसच्या मशीनवर ठेवावं लागलं, लग्न पुढे ढकललं. गावात मात्र वेगळीच गोष्ट पसरली. देवी आली, बहिणीने अडवली, तरी देवीने पोराला राखलं. मी आईला दोनदा खरं सांगितलं. "डॉक्टर लोकांना काय कळतंय," म्हणाली. भाऊ घरी आल्यावर बायका ओटी घेऊन यायला लागल्या. तो मान खाली घालून बसायचा.

एका दुपारी शेजारची मावशी आली. चेहरा खुललेला. "माझ्या पोरालाबी आई प्रसन्न झालीय वाटतं. वांगणीच्या फार्महाऊसवरनं नाचून आला का अंग असंच तापतं, दात खातो, रातभर झोपत नाय. दर शनवारी. आईला काय देऊ, ते विचारायला आले."

मी काही बोलायच्या आत भाऊ उठला. अशक्तपणाने त्याला भिंत धरावी लागली.

"मावशी, माझ्या अंगात आई नव्हती आली. मी गोळ्या खाल्ल्या होत्या. तुमच्या पोराला आजच्या आज डॉक्टरकडे न्या."

मावशी हातातला चहा तसाच ठेवून धावत गेली. आई भावाकडे बघत राहिली. देवी त्याला सांभाळतेय म्हणून इतके दिवस ती निर्धास्त होती. आता ती माझ्याजवळ येऊन बसली, माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "म्हणजे तो खरंच मरत होता गो?"